‘फर्स्ट कॉपी’ बॅग ऑनलाइन मागवावी का? बॅगा दुरुस्त करणाऱ्याचं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वहिनींच्या चाळिसाव्या वाढदिवसाला तुम्हाला लुई व्हिताँ या महागड्या फ्रेंच कंपनीची नेव्हरफुल बॅग द्यायची आहे. खरी लाखाच्या पुढे जाते, ती परवडणार नाही. इन्स्टाग्रामवरच्या एका पेजवर तिची ‘फर्स्ट कॉपी’, म्हणजे हुबेहूब नक्कल, ‘७ए क्वालिटी, मिरर कॉपी, प्युअर लेदर, विथ बॉक्स, विथ बिल, विथ ऑथेंटिसिटी कार्ड’ असं लिहून ६,५०० रुपयांना मिळतेय. निम्मे पैसे आधी यूपीआयने मागतायत. तुम्ही विचारताय, पेज भरवशाचं आहे का, चांगली कॉपी ओळखायची कशी, आणि वहिनींना कळेल का.

मी दादरला बॅगा आणि चामड्याच्या वस्तू दुरुस्त करतो, सव्वीस वर्षं झाली. वडील कोल्हापूरकडून धारावीत आले, बॅगांच्या कारखान्यात पॅटर्न कापायचे. त्यांच्याच हाताखाली मी रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, धरायला शिकलो. त्यामुळे खरी आणि खोटी, दोन्ही प्रकारची बॅग माझ्या टेबलावर उसवलेल्या अवस्थेत येते, आणि उसवलेली बॅग काही लपवत नाही. तेवढ्या अनुभवावरच लिहितोय.

तुम्ही विचारताय ‘कोणती कॉपी चांगली?’ मला वाटतं आधी विचारायला हवं, की बॅग आली नाही, फाटकी आली, दोन महिन्यांत तिची मूठ निघाली, तर सांगायचं कोणाला? साडीच्या दुकानात भांडता येतं, मॉलमधल्या दुकानात बिल दाखवता येतं. इथे विकणाऱ्याचं नाव नाही, दुकान नाही, पत्ता नाही. तो स्वतःच जे विकतोय ते विकायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तो कधीच समोर येणार नाही. स्वस्त बॅग घेताना तुम्ही तक्रार करायचा हक्कही सोडून देताय, आणि त्याची किंमत त्या ६,५०० मध्ये धरलेली नाही.

सगळं एकाच मापाने मोजता येत नाही, तेही सांगतो. प्रत्येक पेज पैसे घेऊन पळत नाही. पुष्कळजण माल पाठवतात, कारण त्यांना पुढची गिऱ्हाइकं हवी असतात. सगळ्या कॉप्या रद्दी असतात असंही नाही. एक बॅग मी दहा मिनिटं उलटसुलट पाहिली, तेव्हा कुठे खात्री झाली की ती नकली आहे. आणि कोणी बाजारात जाऊन, बॅग हातात घेऊन, चेन चारदा उघडझाप करून हजार-बाराशे रोख मोजत असेल, तर तिथे निदान डोळ्यांसमोर काय आहे ते कळतं. मी बोलतोय ते न पाहता, फोटोवरून, आगाऊ पैसे पाठवून मागवलेल्या बॅगेबद्दल.

सव्वीस वर्षांत कळलेली एक गोष्ट इथे कामाला येईल. नक्कल करणारा फोटोत दिसेल तिथे पैसा घालतो आणि दिसणार नाही तिथे वाचवतो. बाहेरचा छाप, लोगोचा ठसा, पिवळीधमक फिटिंग, नारिंगी-तपकिरी डबा, रेशमी रिबीन, हे सगळं नीट असतं. अस्तराच्या आत, मुठीच्या पोटात, तळाच्या पुठ्ठ्यात, कडेच्या शिलाईच्या पाठीमागे काय आहे ते कोणी झूम करून बघत नाही.

गेल्या पावसाळ्यातलीच गोष्ट. एक मुलगी बॅग घेऊन आली, ‘काका, तळ फुगलाय.’ वरून बॅग सुंदर दिसत होती. मी खालची शिलाई उसवली. आत साधा राखाडी पुठ्ठा होता, मिठाईच्या खोक्याचा असतो तसा. दादर स्टेशनच्या पुलावर एक सर लागली, पाणी शिलाईच्या भोकांतून आत गेलं आणि पुठ्ठ्याचा लगदा झाला होता. बोटाने काढावा लागला. मूठ उघडली तर आत प्लास्टिकची पोकळ नळी, आणि ती जिथे वाकते तिथे चिरलेली. मूठ बॅगेला जोडताना आतून चामड्याचा किंवा जाड कापडाचा तुकडा लावायचा असतो, म्हणजे ओझं शिलाईवर न येता त्या तुकड्यावर येतं. तिथे काहीच नव्हतं. दोन टाके होते आणि थोडं गोंद. त्या बॅगेत ती रोज लॅपटॉप नेत होती. मी तळ बदलला, मुठी बदलल्या, बाराशे रुपये झाले. बॅग तिने पाच हजारांना घेतली होती. बाहेरचं कापड पुढच्या वर्षी सोलवटणार हे मला तेव्हाच दिसत होतं, आणि मी तिला तसं सांगितलंही.

सोलवटण्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण माझ्याकडे सगळ्यात जास्त रडू येतं ते याच गोष्टीवर. बहुतेक कॉप्यांचे पट्टे, कडा, कधी कधी अख्खी बॅग पीयूची असते. पीयू म्हणजे कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर, आपण ज्याला सरसकट रेग्झिन म्हणतो त्यातलाच एक प्रकार. हवेतला ओलावा हा थर आतून तोडत जातो. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत ते काम आणखी जोरात होतं. बॅग वापरली नाही, कपाटात कापडात गुंडाळून ठेवली, तरीही होतं. उलट बंद कपाटात जास्त होतं. दोन-तीन पावसाळ्यांनंतर बाहेर काढली की आधी हाताला चिकट लागते, मग खपल्या पडायला लागतात. लग्नाला पांढऱ्या सिल्कच्या साडीवर काळ्या खपल्यांचा सडा पडलेल्या बायका मी पाहिल्यात. यावर इलाज नाही. त्याच्यावर रंग बसत नाही, क्रीम चालत नाही, कारण ज्याच्यावर रंग बसवायचा तो थरच सुटलेला असतो. खऱ्या चामड्याला ओरखडा पडला तर मी भरून देऊ शकतो. पीयू सोलवटलं की हात जोडतो.

आता त्या पेजच्या शब्दांकडे या. तुम्ही जाहिरातीचा मजकूर जसाच्या तसा दिलात ते फार बरं झालं, कारण तिथेच बरंच उघडं पडलंय.

‘प्युअर लेदर’ म्हटलंय. लुई व्हिताँची तपकिरी मोनोग्रामची (म्हणजे ‘एलव्ही’ अक्षरं आणि फुलांच्या नक्षीची) नेव्हरफुल मुळात चामड्याची नसतेच. ते सुती कॅनव्हास असतं, त्यावर प्लास्टिकचा लेप. चामडं फक्त मुठींना, कडांना आणि बाजूच्या पट्ट्यांना. तेही रंग न दिलेलं गाईचं चामडं, नवीन असताना जवळजवळ दुधी रंगाचं. हाताच्या घामाने, उन्हाने ते हळूहळू मधासारखं होत जातं. म्हणजे जो माणूस मोनोग्रामची अख्खी बॅग प्युअर लेदरची म्हणून विकतोय, त्याला आपण कशाची नक्कल विकतोय तेही ठाऊक नाही. (खऱ्या बॅगेलाही दुखणी असतात बरं. त्या कोऱ्या चामड्यावर पावसाचा थेंब पडला की डाग राहतो, आणि आपल्याकडे तो पडतोच.)

‘ऑथेंटिसिटी कार्ड’ म्हटलंय. लुई व्हिताँ असं कार्ड देत नाही. शनेल ही दुसरी फ्रेंच कंपनी बरीच वर्षं बॅगेसोबत कार्ड द्यायची, त्यावरून लोकांना वाटतं की सगळ्याच महागड्या बॅगांना कार्ड असतं. नक्कल करणाऱ्यांनी ती समजूत उचलली. त्यामुळे लुई व्हिताँच्या बॅगेसोबत असं कार्ड दिसलं, की उलट तेच नकलीपणाचं लक्षण. बॅगेच्या आत ठसवलेला तारखेचा कोडही कामाचा नाही. कंपनीने २०२१ पासून तो बंद करून आत चिप बसवायला सुरुवात केली. आणि जुना कोड असला तरी अक्षरं-आकडे ठसवायला कितीसा खर्च येतो?

‘विथ बिल’ हे मला सगळ्यात जास्त खटकलं. दुकानाने न दिलेलं बिल म्हणजे बनावट कागद. तुम्ही ते कपाटात ठेवाल. उद्या वहिनी ती बॅग कुणाला विकायला काढतील, बिल दाखवतील, आणि घेणारा त्या बिलावर विश्वास ठेवून पन्नास हजार मोजेल. तुमच्या मनात काही नव्हतं, वहिनींच्याही मनात नव्हतं, पण फसवणूक झालीच.

अशाच दोन साध्या खुणा आणखी. शनेल आपल्या नव्या हँडबॅगा ऑनलाइन विकतच नाही, दुकानातच विकते. म्हणून ‘नवी कोरी शनेल, ऑनलाइन, साठ टक्के सूट’ म्हटलं की पुढे वाचायची गरज नाही. लुई व्हिताँ सेल लावत नाही, आउटलेट चालवत नाही. ‘स्टोअर सरप्लस’, ‘कंपनीचा उरलेला माल’, ‘कस्टमने सोडवलेला लॉट’ या सगळ्या गोष्टी रचलेल्या असतात.

आता पैशांचं. निम्मी रक्कम आगाऊ देणं हा या व्यवहाराचा सगळ्यात धोक्याचा भाग आहे. माझ्याकडे आलेल्या लोकांकडून जे ऐकलं त्यात क्रम जवळजवळ ठरलेला असतो. आधी बुकिंगचे पैसे. मग ‘पार्सल निघालं’ म्हणून एक पावती, ज्यावरचा नंबर कुरिअरच्या साइटवर सापडत नाही. मग फोन येतो की माल कस्टममध्ये अडकलाय, १,८०० रुपये पाठवा, बॅगेसोबत परत मिळतील. इथे एक लक्षात ठेवा. परदेशातून आलेल्या पार्सलवर खरोखर शुल्क लागलं, तर ते टपाल खातं किंवा कुरिअर कंपनी पावती देऊन घेते. कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर कस्टमचे पैसे जात नाहीत. शेवटी तुम्ही वैतागून पैसे परत मागता, तेव्हा ते एक क्यूआर कोड पाठवतात, ‘हा स्कॅन करून पिन टाका, रिफंड येईल.’ पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त पैसे द्यायला लागतो. माझ्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाचे बॅगेपायी तीन हजार गेले आणि हे तीन हजार परत मिळवण्याच्या नादात अकरा हजार गेले. ती बँकेत नोकरी करते. अडाणी माणसंच फसतात असं समजू नका.

तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे बँकेच्या लेखी तुमच्या मर्जीने गेलेले असतात. चोरून गेलेल्या पैशांना जे संरक्षण मिळतं ते इथे सहज मिळत नाही.

कॅश ऑन डिलिव्हरीने धोका कमी होतो, संपत नाही. पैसे द्यायच्या आधी पेटी उघडू देत नाहीत आणि उघडल्यावर आत जुनी ओढणी नाहीतर तीनशे रुपयांची पर्स निघते. काही पेजेस ‘ओपनिंग व्हिडिओ कंपल्सरी, नो व्हिडिओ नो क्लेम’ असं लिहितात. लोक इमानाने व्हिडिओ काढतात, पाठवतात, आणि पेज त्यांना ब्लॉक करतं. तो व्हिडिओ बघणारा पंचही तोच असतो ना.

शिवाय तुमचं नाव, पत्ता, फोन नंबर त्यांच्याकडे राहतो. मग न मागवलेली कॅश ऑन डिलिव्हरीची पार्सलं घरी यायला लागतात. घरात म्हातारी माणसं असतात, ‘सूनबाईने मागवलं असेल’ म्हणून सातशे-आठशे रुपये देऊन टाकतात.

कायद्याचं सरळ सांगतो. मी वकील नाही, पण आमच्या धंद्यात हे माहीत असावं लागतं, कारण ‘काका, या साध्या बॅगेवर लोगो ठोकून द्या’ म्हणणारेही येतात. ट्रेड मार्क्स ॲक्ट, १९९९ च्या कलम १०३ आणि १०४ प्रमाणे खोटी नाममुद्रा लावणं आणि तसा माल विकणं किंवा विकायला ठेवणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. स्वतः वापरायला एक बॅग घेणाऱ्यावर ही कलमं लागत नाहीत, तेव्हा तुम्हाला उगाच घाबरवणार नाही. पण तुम्ही प्रश्नात शेवटी सहज लिहिलंय, की बॅग चांगली निघाली तर सोसायटीच्या ग्रुपवर टाकून ऑर्डरी घ्यायचा विचार आहे, पेजवाले दर बॅगेमागे पाचशे रुपये देणार आहेत. ताई, हे मात्र अजिबात करू नका. त्या क्षणी तुम्ही विकणाऱ्या होता. घरबसल्या चार पैसे मिळावेत म्हणून कितीतरी बायका व्हॉट्सॲपवर हे करतात, कुणाच्याच मनात पाप नसतं. पण पेजवाल्याचं नाव-गाव कुणाला माहीत नाही आणि तुमचा फ्लॅट नंबर अख्ख्या सोसायटीला माहीत आहे. कुणाची बॅग आली नाही, तर ती बाई तुमच्याच दारात उभी राहणार.

माल बाहेरून येत असेल तर वाटेत कस्टमवाले नकली माल म्हणून अडवू शकतात, त्यासाठी २००७ पासून वेगळे नियम आहेत. स्वतःपुरती आणलेली एखाददुसरी वस्तू त्या नियमांतून सुटते, पण विक्रेत्याने पन्नास बॅगा एकत्र आणल्या आणि तो लॉट अडकला, तर तुमची बॅगही त्यातच गेली. वहिनी किंवा त्यांचं कुणी युरोपात जाणारं असेल, तर आणखी जपायला हवं. इटलीत नकली वस्तू विकत घेणाऱ्यालाही ७,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो आणि फ्रान्समध्ये अशी वस्तू जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. विमानतळावर बॅग काढून घेतली, तर आतलं सामान हातात घेऊन उभं राहावं लागतं.

त्वचेचंही एक आहे. स्वस्त फिटिंगवरचा सोनेरी मुलामा उडाला की खालचा धातू हाताला, मानेला लागतो, आणि निकेल सोसत नाही अशांना तिथे पुरळ उठतं. अमेरिकेतल्या कपडे आणि पादत्राणांच्या व्यापारी संघटनेने २०२२ साली कपडे, बूट आणि इतर मिळून ४७ नकली वस्तू तपासल्या, तेव्हा १७ वस्तूंत शिसं, कॅडमियम, आर्सेनिक किंवा थॅलेट (प्लास्टिक मऊ करायला घालतात ते रसायन) यांचं प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या वर निघालं. बॅग उघडल्यावर डोकं भणाणून टाकणारा वास येत असेल, तर ती निदान लहान मुलांच्या हातात देऊ नका. माझ्या दुकानात अशा बॅगा मी आधी दोन दिवस बाहेर टांगून ठेवतो.

‘त्या कंपन्या एवढ्या श्रीमंत, त्यांची नक्कल केली तर काय बिघडलं?’ असं मला पुष्कळजण म्हणतात, तुम्हीही तसं काहीसं लिहिलंय. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटालियन कंपनीने आपल्या कोल्हापुरीसारख्याच चपला दाखवल्या आणि आधी कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे किती चिडलो होतो ते आठवा. मी तर रात्रभर झोपलो नाही, माझे आजोबा त्या चपला करायचे. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते याचसाठी, की नाव ज्याचं त्याचं राहावं. पुढे कंपनीने आपल्या कारागिरीवरून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. आपल्या नावासाठी आपण भांडलो ते योग्यच केलं. मग नाव दुसऱ्याचं असलं की ते फुकट कसं? तसं पाहिलं तर लुई व्हिताँचा तो मोनोग्राम १८९६ साली काढला गेला तोच मुळात आधीच्या चौकड्यांच्या नकला होत होत्या म्हणून. आकार, रंग, ढब यांवरून प्रेरणा घेऊन स्वतःच्या नावाने बॅग करणारे कारागीर धारावीत पुष्कळ आहेत आणि त्यात काही चूक नाही. माझं भांडण दुसऱ्याचं नाव छापण्याशी आहे.

एक वाट तुम्ही विचारली नाहीत, पण हा विषय निघाला की लोक तिकडे वळतात. ‘कॉपी नको, मग ओरिजिनलच, पण जुनी घेऊ.’ वाट चांगली आहे, पण सगळ्यात मोठी रक्कम इथेच बुडते, कारण कॉपी म्हणून सहा हजारांना विकली जाणारी बॅग थोडी घासून, थोडी मळवून ‘प्री-ओन्ड’ म्हणून साठ हजारांना विकता येते. इथे घाई नको. विकणाऱ्याकडून आजची तारीख लिहिलेला कागद बॅगेवर ठेवून काढलेले फोटो मागा. समोरून नको, तळाचे चारही कोपरे, मूठ जिथे जोडली जाते ती जागा आतून, चेनच्या रनरची मागची बाजू, अस्तराची शिलाई. व्हिडिओ कॉलवर बॅग उलटी करून दाखवायला सांगा. लेखी हमी आणि जीएसटीचं बिल देणाऱ्या दुकानातून घ्या आणि पैसे देण्याआधी जाणकाराला दाखवा. फोटोवरून मीही छातीठोक सांगत नाही, हातात घेतल्यावर सांगतो.

आणि ऐकीव खुणांवर विसंबू नका. एक आजी मागे रडकुंडीला येऊन आल्या होत्या. मुलाने पॅरिसहून लुई व्हिताँचीच स्पीडी बॅग आणलेली, आणि भिशीत कुणीतरी म्हणालं, ‘नकली आहे, मागच्या बाजूला लोगो उलटा आहे.’ मी त्यांना समजावलं, ही बॅग कॅनव्हासच्या एकाच अखंड पट्टीची करतात, ती तळाखालून वळून मागे जाते, म्हणून मागची अक्षरं उलटी येणारच. शिलाई बघितली, चामडं बघितलं, बॅग अस्सल होती. लोहचुंबकाची खूणही अशीच अर्धवट. चुंबक चिकटला तर फिटिंग लोखंडाचं, एवढंच कळतं. नाही चिकटला म्हणजे पितळ असं नाही, जस्ताच्या स्वस्त मिश्रधातूलाही तो चिकटत नाही.

तुमच्या ६,५०० रुपयांत काय होईल? पुष्कळ काही. धारावीत सायनच्या बाजूला चामड्याच्या वस्तूंची दुकानं ओळीने आहेत, त्यातली कित्येक स्वतःच्या कारखान्याचा माल विकतात. एक दुपार काढून जा. नेव्हरफुलसारखीच मोठी, वरून उघडी बॅग मागा, तिला आमच्याकडे टोट म्हणतात. चामडं उलटून बघा. मागच्या बाजूला बारीक तंतू, कापसासारखी लव दिसली तर चामडं, विणलेलं कापड दिसलं तर रेग्झिन. कड बघा, रंग गुळगुळीत आणि सलग हवा, नखाने निघता कामा नये. मूठ धरून बॅग जोरात खाली ओढा, दुकानदाराला वाईट वाटत नाही, चांगला दुकानदार स्वतःच ओढून दाखवतो. तळाला हात लावून दाबा, खाली पुठ्ठा आहे का विचारा. पक्कं बिल घ्या, त्यावर ‘लेदर’ असं लिहून घ्या. वहिनींच्या नावाची आद्याक्षरं आतल्या पट्टीवर ठसवून मिळतात, शे-दोनशे रुपयांत. अशी बॅग नीट जपली तर दहा-पंधरा वर्षं चालते, आणि बिघडली तर माझ्यासारखा कुणीही दुरुस्त करू शकतो. मुंबईला येणं जमत नसेल, तर ऑनलाइनच घ्या, पण ज्या भारतीय कंपनीचं नाव, पत्ता, परतीचे नियम साइटवर स्पष्ट आहेत तिथून घ्या.

थोडक्यात, तुमच्या ऑर्डरपुरतं: पेज भरवशाचं वाटत नाही, जाहिरातीत निदान दोन गोष्टी उघड खोट्या आहेत, आगाऊ पैसे पाठवू नका, ग्रुपवर विकायचं मनातूनही काढून टाका. आणि पैसे आधीच पाठवले असतील, तर लाजू नका, उशीर करू नका. लगेच १९३० ला फोन करा, ती सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पैसे पुढच्या खात्यातून बाहेर जायच्या आत कळवलं तर ते गोठवता येतात, म्हणून पहिले काही तास महत्त्वाचे. चॅट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, पेजचं नाव यांचे स्क्रीनशॉट आत्ताच काढून ठेवा, कारण ब्लॉक केल्यावर ते सगळं दिसेनासं होतं. बँकेलाही कळवा.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न, वहिनींना कळेल का? कळेल. आज नाही तर मैत्रिणीच्या हातातली खरी बॅग शेजारी ठेवली जाईल तेव्हा, किंवा आतल्या खिशाची चेन बिघडली म्हणून त्या कंपनीच्या शोरूममध्ये नेतील तेव्हा. नकली बॅग ते दुरुस्तीला घेत नाहीत आणि ते काउंटरवर, चार लोकांसमोर सांगितलं जातं.

माझ्याकडे डोंबिवलीच्या एक बाई आल्या होत्या. धाकट्या दिराने पहिल्या पगारातून त्यांना अशीच बॅग घेऊन दिलेली, ‘वहिनी, ओरिजिनल आहे’ म्हणून. त्यालाही कुणीतरी ओरिजिनल म्हणूनच विकली होती, अठरा हजारांना. बॅग टेबलावर ठेवताच माझ्या हाताला खपल्या लागल्या. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, ‘नकली आहे ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, दादा. त्याला कधी सांगितलं नाही. सगळ्या कार्यांना हीच नेली. आता पार गेलीये, पण फेकवत नाही. निदान याचं काही वाचेल का?’ मी सगळी बॅग उसवली. वाचण्यासारखं फक्त आतलं अस्तर होतं, ते बरं सुती कापड होतं. धारावीतून बकरीच्या चामड्याचा एक तपकिरी तुकडा आणला आणि त्याच मापाची नवी बॅग करून आत ते जुनं अस्तर लावून दिलं. लोगो नाही, काही नाही. चामड्याचे आणि मजुरीचे मिळून साडेचार हजार झाले. ती बॅग अजून त्यांच्या खांद्यावर असते, मागच्या दिवाळीत फक्त चेनचा रनर बदलून घेऊन गेल्या.